बाळ रात्री कुठं झोपतं?

"रात्री दूध पिऊन झोपलं, सकाळी उठलंच नाही."

संभाजीनगर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून मी काम केलं. मुकुंदवाडी, चिकलठाणा, हर्सूल या बाजूच्या वस्त्यांमध्ये हे वाक्य ज्या ज्या घरात कानावर आलं, तिथं ते जवळपास याच शब्दांत आलं. आई बोलत नसे. बोलायची ती सासू, नाहीतर शेजारीण. बाप दाराबाहेर उकिडवा बसलेला असे. मी पोहोचेपर्यंत बाळाला मूठमाती दिलेली असे, त्यामुळे शवविच्छेदनाचा प्रश्नच उरत नसे. मग कारण काय? कुणी म्हणे दृष्ट लागली, कुणी म्हणे दुधाचा ठसका लागला. म्हातारी माणसं म्हणत, सटवाईनं पाचवीच्या रात्री तेवढंच लिहिलं होतं.

सटवाईवर माझा राग नाही. जिचं तीन महिन्यांचं लेकरू गेलं, तिला त्या दिवशी धरायला दुसरं काही नसतं. पण नोंद करायला बसले की मी थोडं पुढं जाऊन विचारायची. बाळ कुठं झोपलं होतं? उताणं होतं की पालथं? त्याच्या शेजारी कोण होतं? तो माणूस रात्री प्यायलेला होता का? बाळाला झोपायच्या आधी दुधाशिवाय काही पाजलं होतं का? हे प्रश्न पोलिसांसारखे वाटू नयेत म्हणून मी आधी आईशेजारी जमिनीवर बसायची आणि बऱ्याच वेळानं विचारायची. उत्तरं मिळायची. माणसं लपवत नाहीत, कारण यात लपवण्यासारखं काही आहे हेच त्यांना ठाऊक नसतं.

त्या उत्तरांबद्दल मला लिहायचं आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू आपल्याकडे खूप कमी झाले. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात दर १,००० जिवंत जन्मांमागे १६ अर्भकं दगावली, देशाचा आकडा २८ होता. जंतुसंसर्ग, कमी वजन, न्यूमोनिया, जुलाब यांवर सरकारी यंत्रणेनं खरोखर कष्ट घेतले. पण झोपेत गेलेलं निरोगी बाळ आपल्याकडे कुठल्याच खान्यात धड बसत नाही. त्याला आजार नव्हता, म्हणून दवाखान्याचा कागद नाही. कुणाचा संशय नाही, म्हणून पोलिसांचा कागद नाही.

युरोप-अमेरिकेत अशा मृत्यूंची वेगळी मोजदाद होते. अमेरिकेत झोपेशी संबंधित अर्भकमृत्यू वर्षाला साधारण ३,५०० होतात. तिथल्या डॉक्टरांनी या विषयात आधी फार मोठी चूक केली होती. बेंजामिन स्पॉक यांच्या जगभर खपलेल्या बालसंगोपनाच्या पुस्तकात १९५६ पासून बाळाला पालथं झोपवण्याचा सल्ला छापला जात होता. उलटी झाली तर उताणं बाळ गुदमरेल, अशी भीती होती. तो सल्ला लाखो घरांनी पाळला. पालथ्या झोपेत धोका जास्त आहे याचे पुरावे १९७० पर्यंत जमलेले होते. कुणी ते वेळेवर एकत्र मांडले असते तर ब्रिटनमध्ये १०,००० हून अधिक आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड मिळून किमान ५०,००० बाळं वाचली असती, असा हिशेब २००५ मध्ये संशोधकांनी केला. ब्रिटनमध्ये अॅन डायमंड या दूरचित्रवाणी निवेदिकेचं बाळ १९९१ च्या जुलैमध्ये झोपेत गेलं. ती गप्प बसली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथं बाळाला उताणं झोपवा ही मोहीम सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. नवं औषध नाही, यंत्र नाही. बाळ फक्त पाठीवर ठेवायचं.

पाठीवरच का, हे समजून घेतलं की बाकीचंही समजतं. मोठ्या माणसाच्या तोंडावर झोपेत पांघरूण आलं तर श्वास कोंडायला लागताच मेंदू त्याला खडबडून जागं करतो. तो कूस बदलतो, पांघरूण झटकतो. दोन ते चार महिन्यांच्या बाळात ही जाग अजून कच्ची असते, आणि सर्वांत जास्त मृत्यू त्याच महिन्यांत होतात. नाक मऊ गादीत रुतलं, तर आपणच सोडलेली शिळी हवा ते पुन्हा पुन्हा आत घेतं. मान उचलून बाजूला वळवण्याची ताकद नाही. हनुवटी छातीला टेकली तरी श्वासनळी दबते, कारण ती अजून फार मऊ असते. वेळेआधी जन्मलेलं, कमी वजनाचं किंवा पोटात असताना तंबाखूचा मारा सोसलेलं बाळ असेल, तर जाग आणखी मंद असते. त्यात त्याला झोप आणणारं काही पाजलं, किंवा शेजारच्या माणसाची जाग दारूनं मारलेली असली, तर त्याला वाचवायला कुणीच जागं नसतं.

झोप आणणारं पाजण्याची गोष्ट आपल्याकडे जुनी आहे आणि ती मराठी माणसाच्या इतिहासातली आहे. मुंबईच्या गिरण्यांत सातारा-रत्नागिरीकडून आलेल्या हजारो बायका काम करायच्या. त्यांच्या चाळींमध्ये बाळगोळी नावाची अफूची गोळी मिळायची. स्वस्त, बारीक, सकाळी कामाला निघताना बाळाच्या तोंडात घालायची. आई दिवसभर खात्यात, बाळ खोलीत एखाद्या म्हाताऱ्या शेजारणीकडं किंवा पाच-सहा वर्षांच्या बहिणीकडं. गोळी दिली की ते रडत नाही, भूक मागत नाही, कुणाला त्रास देत नाही.

मुंबई सरकारनं १९२१ मध्ये कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरची नेमणूक केली. त्यांचा अहवाल १९२२ मध्ये लेबर गॅझेटमध्ये छापून आला. कामगार बायकांच्या १०० पैकी ९८ बाळांना अफू दिली जाते, असं त्यांनी त्यात नोंदवलं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक असेल असं वाटलं. तशी ती नव्हती. सी. एफ. अँड्रूज यांच्यासारख्या अफूविरोधी कार्यकर्त्यांनी तो आकडा पुढं जगासमोर नेला. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर १,००० जन्मांमागे ६६० हून अधिक अर्भकांचे मृत्यू नोंदले गेले, आणि एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हा आकडा ८०० च्या वर होता. या आकड्यांत एक गोम आहे. अनेक बायका बाळंतपणाला गावी जात आणि तान्हं घेऊन परत येत, म्हणजे जन्म गावात आणि मृत्यू मुंबईत. त्यामुळे प्रमाण फुगलेलं दिसतं. गोम काढून टाकली तरी उरतं ते भयंकरच आहे.

अफू बाळाला दोन वाटांनी मारते. एक झटपट वाट. अफूतलं मॉर्फिन मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला मंद करतं. तान्ह्याचं यकृत ते लवकर निकामी करू शकत नाही, म्हणून ते साठत जातं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास लांबत लांबत थांबतो. दुसरी वाट संथ आणि जास्त फसवी. बाळ झोपून राहतं, म्हणून पीत नाही. पीत नाही म्हणून वाळतं, शौचाला होत नाही, आणि एखाद्या साध्या जुलाबात किंवा खोकल्यात जातं. मग नोंदीत कारण येतं जुलाब. बाळगोळीनं किती बाळं नेली, हे म्हणूनच कधी नेमकं कळणार नाही.

त्या काळातल्या अनेक साहेबांनी या बायकांना अडाणी म्हणून टाकलं. हा आरोप मला कायम अन्यायाचा वाटत आला आहे. खुद्द इंग्लंडमध्ये गिरणी कामगारांची बाळं गॉडफ्रेज कॉर्डियल नावाचं अफूचं पाणी पिऊन झोपत होती. अमेरिकेत मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप या गोड नावाखाली मॉर्फिन विकलं जात होतं. जिथं जिथं बाळाच्या आईला रोजगारासाठी घराबाहेर ठेवलं आणि बाळाला सांभाळायची जागा दिली नाही, तिथं तिथं कुणीतरी झोपेची बाटली विकायला बसलेलं होतं. गिरणीमालकाला आईचे हात हवे होते, बाळ नको होतं. बाळगोळीनं ती गरज भागवली.

हे बदललं ते पुरुष-बायका लढले म्हणून. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. बाळंतपणाच्या काळात बाईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि मालक व सरकार यांनी त्याचा भार उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये कायदा झाला. देशातला या प्रकारचा तो पहिला. आमच्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभं करणाऱ्या माणसाचं हे काम इथल्या किती जणांना माहीत आहे, असं नागसेनवनावरून जाताना मनात येतं. आमच्याकडेही १८८९ पासून कापडगिरणी होती, अजून मिल कॉर्नर हे नाव तिच्यावरून चालतं.

अफू गेली. अमली पदार्थांच्या कायद्यानं तिचा किरकोळ बाजार मोडला, राजस्थानच्या काही भागांत तान्ह्याला ती चाटवण्याची रीत अजून ऐकू येते तेवढीच. पण रडणारं बाळ आणि थकलेली आई ही जोडी तशीच राहिली, म्हणून अफूच्या जागी दुसरं आलं.

आमच्या वस्त्यांमध्ये हिवाळ्यात ब्रँडीचे दोन थेंब ही अगदी सर्रास गोष्ट आहे. डिसेंबर-जानेवारीत संभाजीनगरची रात्र गार पडते, पत्र्याचं घर आणखी गार पडतं. "सर्दी मुरते, लेकरू गरम राहतंय," असं सांगतात. लेकरू गरम राहत नाही. दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि अंगातली ऊब उलट बाहेर जाते. तान्ह्याच्या रक्तातली साखर झपाट्यानं उतरते. ते शांत झोपलेलं दिसतं, आणि ती झोप झोप नसते.

मग जायफळ. गुटीच्या डब्यात हळकुंड, बदाम, खारीक, मुरडशेंग, वेखंड यांच्या सोबत जायफळ असतं. सहाणेवर आईच्या दुधात एकेक वळसा उगाळायचा. आजीच्या काळी वळसा मोजलेला असे. आता रात्री जागवतंय म्हणून जायफळाचे वळसे वाढतात. जायफळात गुंगी आणणारी द्रव्यं असतात, वेखंडाबद्दलही डॉक्टर सावध करतात. सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आशाताई घरोघर सांगते. गुटीच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण ती माया बाळाला तेल लावताना, शेकताना, गाणं म्हणताना पोहोचते. ती पोटात घालायची गरज नाही.

आणि सर्दीचं औषध. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेलं, मोठ्या भावाचं उरलेलं. सर्दीच्या अनेक औषधांत क्लोरफेनिरामिन असतं, त्यानं झोप येते. क्लोरफेनिरामिन आणि फिनाईलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, तसं बाटलीवर छापा, असा आदेश देशाच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. बाटलीवरचं ते बारीक अक्षर वाचायला घरात कुणाला वेळ असतो? दुकानदाराला तरी असावा.

आता बाळाच्या शेजारच्या माणसाकडं येते.

मिश्रीपासून सुरुवात करते, कारण तिला कुणी व्यसन म्हणतच नाही. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, चुरायचं, डबीत भरायचं. सकाळी उंबऱ्यावर बसून तर्जनीनं दातांना चोळत राहायचं. पहाटे उठल्यापासून चुलीला जुंपलेल्या बाईला दिवसातली तेवढीच दहा मिनिटं स्वतःची मिळतात, हे मी पाहिलं आहे, म्हणून मी कधी कुणाच्या हातातली डबी हिसकावली नाही. हर्सूलच्या एका आजींनी मला विचारलं होतं, "बाई, मिसरी म्हंजे काय दारू हाय व्हय?" आजी, दारू नाही, पण पोटातल्या लेकराला ती पोहोचते. हे मी सांगायची, आणि सोबत आकडे सांगायची, कारण आकडे आपल्याच बायकांचे आहेत.

डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा पाठपुरावा केला. त्याचे निष्कर्ष २००४ आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मिश्री लावणाऱ्या, तंबाखू चघळणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम हलकी निघाली आणि आधी जन्मली. मृत बाळ जन्माला येण्याचं प्रमाण तंबाखू न घेणाऱ्यांत ३.१ टक्के, तर घेणाऱ्यांत ८.९ टक्के. स्वीडनमध्ये बायका ओठाखाली ओली तंबाखू ठेवतात. तिथल्या २० लाखांहून अधिक जन्मांचा अभ्यास २०२३ मध्ये आला. गरोदरपणात ती तंबाखू घेणाऱ्या आयांच्या बाळांना झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका जवळजवळ तिप्पट होता. धूर नाही, विडी नाही, फक्त तंबाखू तोंडात. निकोटिन नाळेतून जातं, बाळाच्या मेंदूतली ती कच्ची जाग आणखी बोथट करतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या दहातली साधारण एक बाई तंबाखू घेत असल्याचं दिसतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण तव्यावर घरीच भाजलेल्या मिश्रीला कुठली बंदी पोहोचणार? तिथं सुनेशी आणि सासूशी बोलणारं माणूसच पोहोचतं.

घरातला पुरुष हा दुसरा भाग. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारी कुटुंबं दहा बाय दहाच्या खोलीत भाड्यानं राहतात. खाली सतरंजी, वर गोधडी, आणि त्यावर ओळीनं सगळे. नवरा पिऊन आला की तो त्याच ओळीत आडवा होतो. शुद्धीतल्या माणसाला झोपेतही हाताखाली काहीतरी हललं हे कळतं. प्यायलेल्याला नाही कळत. आपल्या शहरात बटन नावानं विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्यांचंही तेच, नशेसाठी प्यायल्या जाणाऱ्या खोकल्याच्या औषधाचंही तेच. यातला कुठलाही बाप आपल्या बाळाचं वाईट चिंतत नाही. बहुतेक जण दिवसा त्याच बाळाला खांद्यावर घेऊन गल्लीत मिरवतात. म्हणून मी पुरुषांशी बोलताना दारू सोडण्याची गोष्ट शेवटी काढायची. आधी एवढंच सांगायची की ज्या रात्री घेतली, त्या रात्री तुम्ही भिंतीकडं दुसऱ्या टोकाला झोपायचं, मध्ये बाळाची आई, पलीकडं बाळ. हे ऐकणारे पुरुष मला भेटले. दारू सोडा म्हटल्यावर न ऐकणारेही हे ऐकतात.

बाळ ज्यावर झोपतं त्याबद्दल मात्र आपल्याकडं पुष्कळ चांगलं आहे. जमिनीवर अंथरलेली घट्ट घडीची गोधडी ही मऊ गादीपेक्षा कितीतरी बरी. आपण बाळाला पूर्वापार उताणंच झोपवतो. गडबड होते ती ऊब देण्याच्या नादात. कुंची, टोपडं, दोन दुपटी आणि वर वाकळ, तोंडापर्यंत. बाजेखाली शेगडीचे निखारे, ओव्याची धुरी, खिडकी बंद. कोळशाच्या विषारी वायूला वास येत नाही, बाळ-बाळंतीण दोघं गुंगीत जातात. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवलेली मोहरीची उशीही नको, मान वाकते. बाळ हलकं असेल तर त्याला सर्वांत चांगली ऊब आईच्या उघड्या छातीची. कोलंबियात बोगोटाच्या रुग्णालयात १९७८ च्या सुमारास काचपेट्या कमी पडल्या म्हणून डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली, आता तिला कांगारू माता पद्धत म्हणतात आणि जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या बाळांसाठी तीच सांगते. आई जागी असताना, छातीशी बांधून.

झोळीबद्दल मला जास्त बोलायचं आहे. दिवाळीनंतर पैठण, कन्नडकडून, बीड-जालन्यातून जोडपी ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बाई एक दिवस बसली तर खाडा पडतो. बाळंतीण पहाटे अंधारात फडात जाते, बाळ गाडीच्या जुवाला किंवा बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत, राखणीला सात-आठ वर्षांची बहीण. झोळीत बाळ अर्धगोल वाकतं, हनुवटी छातीवर येते, लुगडं तोंडावर मिटतं. बहीण खेळायला गेली की पाहणारं कुणी नाही. मुंबईच्या चाळीत १९२२ मध्ये दार लावून निघालेली बाई आणि ही बाई, यांच्यात मला फरक दिसत नाही. तिच्याजवळ बाळगोळी होती, हिच्याजवळ झोळी आहे.

कायद्यात पाळणाघर आहे. जुन्या कारखाना कायद्यानुसार ३० हून अधिक बायका असतील तर ते लागायचं. २०१७ च्या दुरुस्तीनं ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ते बंधनकारक झालं, पगारी रजा २६ आठवडे झाली. पण उसाच्या फडात, वीटभट्टीवर, बांधकामावर, घरकामावर राबणाऱ्या बाईच्या हाती यातलं काय येतं? साखर कारखान्यानं फडाजवळ एक तंबू, एक बाई आणि काही चटया एवढी सोय केली तरी त्या हंगामातली किती बाळं सपाट जमिनीवर, कुणाच्या नजरेखाली झोपतील! हे अशक्य आहे असं मला कुणी सांगू नये.

मध्यमवर्गीय घरांत आता उलटा सल्ला आला आहे, बाळ वेगळ्या खोलीत, वेगळ्या खाटेवर. मोबाईलवर पाहून नव्या आया घाबरतात, शेजारी घेऊन झोपलं म्हणजे आपण गुन्हा करतो असं त्यांना वाटतं. इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड शहरातला अनुभव इथं उपयोगी आहे. तिथं पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांत बाळं आईजवळ झोपतात, तरी झोपेतल्या मृत्यूंचं प्रमाण गोऱ्या कुटुंबांपेक्षा कितीतरी कमी आहे, कारण त्या आया सिगारेट-दारूपासून लांब असतात आणि बाळ रात्री एकटं सोडलं जात नाही. आईची शेज मुळात धोक्याची नाही. तिच्यात दारू, तंबाखू, गुंगीचं औषध, मऊ गादी आणि जड पांघरूण शिरलं की ती धोक्याची होते. आईनं स्वतः झोपेची किंवा सर्दीची गुंगी आणणारी गोळी घेतली असेल, तर त्या रात्री बाळ हाताच्या अंतरावर वेगळ्या अंथरुणावर ठेवावं. सोफ्यावर बाळाला घेऊन डुलकी मात्र कुणीच घेऊ नये, निर्व्यसनी माणसानंही नाही. सोफ्याच्या फटीत बाळाचं तोंड अडकतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या साध्या बायकांना शिकवून घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी केले. १९९९ मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं, २०११ पासून तीच पद्धत देशभर आशाताईंच्या हाती आली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताई घरी येतात. माझी त्यांना विनंती आहे, यातल्या एका भेटीत ताईंनी वजनकाटा बाजूला ठेवून म्हणावं, बाळ रात्री झोपतं ते अंथरूण मला दाखवा. आणि त्याच्या शेजारी कोण झोपतं ते सांगा. बाळाच्या बापाला त्या वेळी घरात बसवून ठेवावं.

२०१४ पासून बालमृत्यूची चौकशी करण्याची सरकारी पद्धत आहे. ती करणाऱ्या माझ्या मागून आलेल्या मुलींना सांगते, "दूध पिऊन झोपलं, उठलंच नाही" एवढ्यावर वही मिटू नका. आईला दोष न देता पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून ठेवा. ती लिहिलेली असतील तरच उद्या कुणाला मोजता येतील.

आणि वाचकहो, तुमच्याकडं भांडी घासायला येणाऱ्या बाईला तीन महिन्यांचं बाळ असेल, तर ती इथं असताना ते कुठं आहे, हे तिला आज विचारा. तुमच्या घरात, तुमच्या डोळ्यांसमोर एका चटईवर त्याला जागा द्या. घरात कुणाला दारू किंवा नशा सोडायची असेल तर १४४४६ हा क्रमांक आहे, तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६. दोन्हीकडं फोनला पैसे पडत नाहीत.